जुने भिंग आणि सारसाचे अंतर

(वाचनालयाच्या शताब्दी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत मला बोलाविले गेले, तेव्हा संतकाव्य किंवा फार तर झाडीपट्टीची बोली असा एखादा विषय माझ्या वाट्याला येईल, असे मी गृहीत धरले होते. आयुष्यभर मी मराठीच शिकवीत आलो आहे. परंतु कार्यवाहांनी सांगितले, ‘सर, साहित्यावर तुम्ही वर्गात बोलताच. येथे तुमच्या त्या लेन्सविषयी बोला.’ ती लेन्स आज मी सोबत आणली आहे. व्याख्यान संपल्यावर कोणीही ती हातात घेऊन पाहावी. मात्र दोन्ही हातांनी घ्यावी, ती दीड किलोच्या आसपास भरते.

माझ्याकडे ती आली, त्याला आता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे झाली. आपल्या गावातील एक छायाचित्रकार आपला स्टुडिओ बंद करीत होते. लग्नमुंजींचे फोटो काढून त्यांनी संसार केला होता. ही तीनशे मिलिमीटरची सोव्हिएत बनावटीची टेलिफोटो लेन्स त्यांनी कधीतरी हौसेने घेतली होती आणि व्यवसायात तिचा उपयोग नसल्याने ती कपाटात पडून होती. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. याच वाचनालयाच्या कपाटातून मारुती चितमपल्ली यांची पुस्तके नेऊन वाचीत होतो. ज्या नवेगावबांधच्या तलावाविषयी ते लिहीत, तो तलाव आपल्यापासून काही फार दूर नाही. जून २०२५ मध्ये चितमपल्ली गेले, त्या दिवशी मला पहिल्यांदा आठवली ती या कपाटाची काच. असो. पुस्तकांत वाचलेले पक्षी डोळ्यांनी पाहावेत, आणि पाहिलेले घरी आणावेत, या लोभापायी मी ती लेन्स विकत घेतली. कॅमेरा त्याच स्टुडिओतून मिळाला.

घेताना मी ती उजेडाकडे धरून पाहिली नव्हती. घरी आणून पाहिली, तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढुरकी नक्षी दिसली. ती बुरशी होती. त्यात बनविणाऱ्याचा काही दोष नव्हता. आपल्याकडचे चार महिने पावसाचे, आणि लाकडी कपाटातली दमट हवा. ज्या घरात लोणच्याच्या बरणीला बुरशी येते, त्या घरात काचेलाही येते. काचेवरच्या लेपात आणि धुळीत तिला पुरेसे अन्न मिळते. पुढे एका कारागिराने लेन्स उघडून पुसून दिली, परंतु बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला होता, त्याचे डाग राहिलेच. शिवाय फोकसच्या कड्याला थोडी ढिलाई होती. ते एका बाजूने फिरविले तर एक जागा, उलट फिरविले तर दुसरी.

या दोषांचा परिणाम काय होत असे, ते सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. सूर्य समोर असला की चित्रावर दुधाची साय धरल्यासारखा पडदा येई. पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी रेघ उमटे. चौकटीच्या मधोमध चित्र बरे येई, कडांना ते विरघळे. छिद्र लहान केले की हे दोष कमी होत, पण उजेडही कमी होई आणि शटर मंदावे. त्यातही या जुन्या लेन्सची एक रीत होती. छिद्र पूर्ण उघडून फोकस करायचा, मग हाताने कडे फिरवून ते लहान करायचे, आणि मग कळ दाबायची. या तीन क्रियांना दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात परीट पक्षी शेपूट हलवीत दुसऱ्या दगडावर गेलेला असतो.

म्हणून मला पक्ष्यांच्या आधी त्यांच्या सवयी शिकाव्या लागल्या. खंड्या मासा घेऊन पुन्हा त्याच फांदीवर येतो, तेव्हा आधी फांदीवर फोकस करून ठेवायचा आणि वाट पाहायची. टिटवी ओरडू लागली की त्या दिवशी त्या बाजूला काही मिळायचे नाही, सगळ्यांना वर्दी गेलेली असते. सूर्य पाठीशी हवा, म्हणून सकाळी वैनगंगेचा कोणता काठ आणि संध्याकाळी कोणता, हे पाठ झाले. छत्तीस चित्रांचा एक रोळ महिनाभर पुरवावा लागे, धुण्यासाठी तो बाहेरगावी पाठवावा लागे, आणि परत येई तेव्हा त्यात दोन चित्रे बरी निघाली तर मी घरात साखर वाटण्याच्या मनःस्थितीत असे.

माझे हाल ऐकून आपणांस हसू येत असेल, तर माझ्याहून थोरांचे हाल ऐका. टेलिफोटो लेन्स ही कल्पना १८९१च्या सुमाराची, इंग्लंडात आणि जर्मनीत ती जवळजवळ एकाच वेळी निघाली. तिचा पक्ष्यांसाठी उपयोग व्हायला वेळ लागला. इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी कर्टन हे दोघे भाऊ होते. १८९२ मध्ये चेरीने एका गाणाऱ्या पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले, आणि १८९५ मध्ये पक्ष्यांच्या घरट्यांवरचे, संपूर्णपणे प्रत्यक्ष छायाचित्रांनी सजविलेले त्यांचे पुस्तक निघाले. त्यांच्याजवळ दूरचे जवळ आणणारी साधने नव्हती, म्हणून त्यांनी काय करावे? एका बैलाचे कातडे लाकडी सांगाड्यावर चढवून पोकळ बैल तयार केला, आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन उभे राहिले. पक्ष्याला वाटावे, बैल चरतो आहे. आपल्या पोळ्याला या बैलाची पूजा करायला हरकत नाही, असे मला नेहमी वाटते.

दुसरे नाव आपल्या देशातले, मद्रासच्या एम. कृष्णन यांचे (१९१२–१९९६). ‘द स्टेट्समन’मध्ये त्यांनी १९५० पासून अखेरपर्यंत, म्हणजे शेहेचाळीस वर्षे, निसर्गावर सदर लिहिले. त्यांनी छायाचित्रे घेतली ती कृष्णधवल, आणि त्यांचा कॅमेरा म्हणजे एकाचे धड आणि दुसऱ्याची लेन्स अशा जुळवाजुळवीतून स्वतः बनविलेला अवजड प्रकार होता. त्याला त्यांनी थट्टेने ‘सुपर पाँडरोसा’ असे नाव दिले होते. माझ्या डागाळलेल्या काचेची लाज वाटे, तेव्हा मी कृष्णन यांचे स्मरण करीत असे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सारसाची आहे, आणि माझ्या चुकीची आहे.

सारस आपणांस नवा नाही. उभा राहिला म्हणजे पुरुषभर उंच, राखी अंग, लाल डोके आणि मान. उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याहून उंच दुसरा नाही. वाल्मीकींच्या तोंडून ज्याच्या शोकाने पहिला श्लोक बाहेर पडला असे आपण मानतो, तो क्रौंच म्हणजे सारसच, असे ज्युलिया लेस्ली या संस्कृतच्या अभ्यासिकेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात साधार मांडले आहे. जहांगीर बादशहाने लैला आणि मजनू या नावांची एक सारसजोडी बाळगली होती, आणि त्या जोडीने अंडी कशी उबविली याची बारीक नोंद आपल्या आत्मवृत्तात करून ठेवली. त्याच्याजवळ भिंग नव्हते, केवळ नजर होती आणि सवड होती. त्या कामात सवडीचा वाटा मोठा असावा.

पावसाळ्यात, धानाची रोवणी उरकली की, पाण्याने भरलेल्या बांधीत किंवा बोडीच्या कडेला सारस गवताचा आणि धानाच्या काडांचा मोठा ढीग रचतात. तेच त्यांचे घरटे. अंडी बहुधा दोन. नर-मादी आळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवितात. महाराष्ट्रात हा पक्षी उरला आहे तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, आणि वैनगंगा व बाघ नद्यांच्या अलीकडे आपल्या बालाघाटात. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. आपल्या वडिलांच्या पिढीला ती रेघ काळजातून गेल्यासारखी वाटली, आणि अशा गावी मराठी ग्रंथालय टिकवून धरण्यामागे त्या दुःखाचाही थोडा भाग आहे. सारसांना मात्र ती रेघ मान्य नाही. रात्री या काठाला आणि सकाळी त्या काठाला, असा त्यांचा व्यवहार चालू आहे.

२००३च्या ऑगस्टमध्ये एका विद्यार्थ्याने मला सांगितले की, त्यांच्या गावच्या शिवारात सारस बसला आहे. गावाचे नाव मी सांगत नाही. मी रविवारी पहाटे सायकलवर लेन्स बांधून निघालो.

येथे थोडे गणित सांगतो, कारण माझी चूक गणितानेच झाली. फिल्मची चौकट चोवीस मिलिमीटर बाय छत्तीस मिलिमीटर. पक्षी एक मीटर ऐंशी सेंटिमीटर उंच, लेन्स तीनशेची. शंभर मीटरवरून घेतला तर फिल्मवर पक्षी येतो साडेपाच मिलिमीटरचाही नाही, म्हणजे आडव्या चौकटीच्या उंचीच्या चौथ्या हिश्शाहून कमी. पन्नास मीटरवरून घेतला तर जेमतेम अकरा मिलिमीटर. पंचवीस मीटरवरून घेतला तर साडेएकवीस मिलिमीटर, म्हणजे चौकट भरली! हा हिशेब मी आदल्या रात्री कॉलेजच्या वहीत मांडला होता. माझ्या लेन्सच्या कडा विरघळतात, डाग आहेत, तेव्हा छायाचित्र मोठे करून पाहण्याची सोय नाही, पक्षीच मोठा यायला हवा, असे माझे तर्कशास्त्र होते. दोष लेन्सचा, आणि भरपाई मी पायांनी करणार होतो.

पंचवीस मीटरवर एक धुरा होता आणि त्याच्यावर शिंदीचे झुडूप. मी चिखलातून वाकून तेथवर गेलो. घरट्यावरच्या पक्ष्याने मला पाहिले होते, हे मला आज कळते. तेव्हा कळले नाही. सारस उडाला नाही. तो उठला, चोचीने घरट्याच्या कडेचे काड ओढून अंड्यांवर टाकले, आणि मान खाली घालून धानातून चालत दूर गेला. मला आनंद झाला, कारण पक्षी उभा राहिला होता. मी छिद्र उघडले, फोकस केला, छिद्र लहान केले, कळ दाबली. मग पुन्हा. दोन्ही पक्षी पलीकडच्या धुऱ्यावर उभे राहून एकत्र ओरडत होते, ते मी घेत राहिलो. किती वेळ गेला, ते सांगता येत नाही. घड्याळाप्रमाणे अर्धा तास असेल. या अर्ध्या तासात घरट्याकडे माझे लक्ष नव्हते. कावळ्यांचे होते.

मी पाहिले, तेव्हा दोन कावळे घरट्यावर होते. मी ओरडत धावलो, कावळे उडाले. एक अंडे फुटलेले होते.

मी धुऱ्यावर परत आलो, तेव्हा शेताचा मालक तेथे उभा होता. म्हातारा माणूस, खांद्यावर घोंगडी. तो पोवारीत बोलला. मी त्याचे बोलणे आपल्या मराठीत सांगतो. तो म्हणाला, ‘गुरुजी, ही बांधी आम्ही निंदली नाही. घरट्याच्या चारी बाजूंनी दोन कासरे जागा सोडली. बाया येत होत्या, त्यांना म्हटले, तिकडे नको. तुम्हांला कोणी सांगितले नाही?’

मी म्हणालो, ‘बाबाजी, मला माहीत नव्हते.’

तो म्हणाला, ‘दिसत तर होते.’

खरेच, दिसत होते. सगळी बांधी स्वच्छ निंदलेली आणि मध्ये एक गोल तणाने भरलेला. मी त्या गोलाच्या आत उभा होतो. ज्याला दोन पोती धान कमी आले तर फरक पडतो, अशा माणसाने एका पक्ष्यासाठी तण वाढू दिले होते, आणि पक्षिप्रेमी प्राध्यापक ते तुडवीत आत गेला होता. त्याने मला याहून अधिक काही म्हटले नाही. चहा पाजला. दुसऱ्या अंड्याचे काय झाले, हे विचारायला मी महिनाभर गेलो नाही. गेलो, तेव्हा घरटे रिकामे होते. पिलू निघाले की तेही गेले, याविषयी गावात दोन मते होती.

त्या रोळातले एक छायाचित्र उत्तम आले. सदोष लेन्सने काढलेले माझे ते सर्वांत निर्दोष चित्र आहे. चौकटभर सारस, मानेचा लाल रंग, चोच उघडी. पाहुणे आले की ते पाहत आणि वाखाणत, आणि मी गप्प बसे. दोन वर्षांनी मी ते भिंतीवरून उतरविले. आज ते मी आणलेले नाही. ही हकिगत जाहीरपणे मी आज प्रथमच सांगत आहे.

त्यानंतर मी एक नियम केला. घरट्याच्या काळात शंभर मीटरच्या आत जायचे नाही, आणि शेतकऱ्याला विचारल्याशिवाय धुऱ्यावर पाय ठेवायचा नाही. शंभर मीटर म्हणजे फिल्मवर साडेपाच मिलिमीटर, हे मला ठाऊक होते. म्हणजे सारस आता माझ्या चित्रात बोटाच्या पेराएवढाही येणार नव्हता. पहिली एक-दोन वर्षे मी ती चित्रे पाहून हिरमुसलो. पक्षी कोठे आहे, असे घरची मंडळी विचारीत, आणि मला बोट ठेवून दाखवावे लागे.

पण वर्षे जाऊ लागली, तसे त्या चित्रांत मला वेगळेच काही दिसू लागले. पक्षी लहान आला होता, म्हणून भोवतीचे सगळे आले होते. बांधी आली होती, तिच्यातले पाणी आले होते. धुऱ्यावरचे मोहाचे झाड, त्याच्यामागची बोडी, बोडीवरची कमळे, रोवणीच्या बायांची रांग. नंतरच्या चित्रांत विजेचे खांब आले. मग तारा आल्या. एका चित्रात बोडीच्या जागी सपाट शेत आले. सन २०१०च्या एका चित्रात मोहाचे झाड आहे, २०१४च्या चित्रात त्याचा बुंधा आहे, आणि पुढे धुराही नाही, कारण दोन बांध्यांची एक झाली. सारस त्या प्रत्येक चित्रात आहे, शेवटच्या दोनांत नाही. जवळून काढले असते, तर प्रत्येक चित्रात केवळ लाल मान आली असती, आणि ती मान कोणत्या वर्षी कोणत्या पाण्यात उभी होती, हे कोणालाच सांगता आले नसते.

काही वर्षांपूर्वी सारसगणना करणारी तरुण मुले माझ्याकडे आली. उन्हाळ्याच्या अखेरीस दोन्ही जिल्ह्यांत पहाटेपासून तलावांवर बसून ही मोजणी होते, आणि तीत शेतकरीही असतात. या दोन्ही जिल्ह्यांचे मिळून सारस अलीकडच्या गणनांत शंभराच्या आतच भरले आहेत. विजेच्या तारा, कीटकनाशके, बुजलेल्या बोड्या ही कारणे आपण सगळे ऐकून आहोत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्या मुलांना जुनी घरटी कोठे होती, हे हवे होते. मी चित्रांची पेटी काढली. मोहाच्या झाडावरून, बोडीच्या बांधावरून, मागच्या डोंगराच्या रेषेवरून त्यांनी एका दिवसात सतरा जागा ओळखल्या. त्यांच्यापैकी एकाने विचारले, ‘सर, एवढ्या लांबून का काढलेत?’ मी त्याला लेन्स दाखविली, आणि म्हटले, तिच्यात दोष आहे. तेवढेच सांगितले.

आता सुमारे बारा वर्षांपूर्वी मुलाने मला डिजिटल कॅमेरा आणून दिला. एक पितळी कडे लावून ही जुनी लेन्स त्यावर बसते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र ‘लेन्स जोडलेली नाही’ अशी सूचना येते. मी ती बंद केलेली नाही. तिच्याकडे पाहून मला बरे वाटते. रोळाचा खर्च वाचला, आणि त्याबरोबर वाट पाहण्याची सक्तीही गेली, हे मान्य केले पाहिजे. माझे विद्यार्थी आता सहाशे मिलिमीटरच्या लेन्स घेऊन येतात. त्यांना शंभर मीटरवरून पिसे मोजता येतात, आणि त्याचा मला हेवा वाटतो. मी काही जुन्याचा कैवारी नाही. २००३ साली माझ्याजवळ सहाशेची लेन्स असती, तर ते अंडे वाचले असते असे मी स्वतःला बरीच वर्षे सांगत होतो. पण सहाशेची लेन्स असलेलेही आणखी जवळ जाताना मी पाहिले आहेत. चौकट भरण्याचा लोभ लेन्सच्या लांबीबरोबर कमी होत नाही. मोबाईल घेऊन घरट्याशी उभे राहणारेही आहेत. त्यांना रागावण्याचा अधिकार मला नाही, हे आपण आता जाणता. मी फक्त त्यांना तो तणाचा गोल कसा ओळखायचा, ते दाखवितो.

तो म्हातारा शेतकरी २०११ मध्ये वारला. त्याचा नातू माझ्या वर्गात होता. त्याच्या आजोबांचे छायाचित्र माझ्याकडे आहे का, असे त्याने विचारले, आणि मी नाही म्हणालो. घरी येऊन पेटी चाळली, तेव्हा एका चित्रात, सारसाच्या बरेच मागे, कडेच्या विरघळलेल्या भागात, घोंगडी घेतलेली एक आकृती सापडली. चेहरा ओळखू येत नाही. नातवाने घोंगडीवरून ओळखले.

या पेटीतली चाळीस चित्रे मी शताब्दीनिमित्त वाचनालयाच्या स्वाधीन करीत आहे. प्रत्येकामागे गाव, वर्ष आणि शक्य तेथे शेताची दिशा लिहिली आहे. घरट्यांच्या जागा उघड होऊ नयेत म्हणून गेल्या पाच वर्षांतील चित्रे त्यांत नाहीत. ती मागाहून देईन. बाजूच्या दालनात ती मांडली आहेत. अकरा क्रमांकाच्या चित्रात घोंगडी आहे, डाव्या कडेला. त्याच चित्रात सारसही आहे, पण तो जरा शोधावा लागेल. भिंग कार्यवाहांच्या टेबलावर ठेवले आहे.